सध्या काय वाचताय, ते सांगताना
स्वागत! पुस्तक संपायची वाट बघू नका, ५० व्या पानावर असाल तरी लिहा. नवीन मंडळी हमखास दोन चुका करतात:

- अख्खं कथानक सांगून टाकतात.
- नाहीतर ‘अप्रतिम, जरूर वाचा’ म्हणून थांबतात.

समजा, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) सुचवायची आहे. एवढं पुरे: धनगरांच्या वाडीवर कोवळ्या वयाचा मास्तर येतो, शाळेत पोरं जमवण्यापासून त्याची सुरुवात, कादंबरी छोटी, भाषा साधी.

सुचवणी मागताना आवडलेली दोन पुस्तकं सांगा आणि अर्धवट सोडलेलं एक. त्या सोडलेल्यावरूनच मला आवड जास्त कळते. परीक्षण वगैरे नंतर बघू. आज उशाशी कुठलं पुस्तक आहे?