इंग्रजीतला 'नज' हा शब्द वाक्यात नेमका कसा वापरतात?

मूळ अर्थ: लक्ष वेधण्यासाठी कोपराने हळूच ढकलणे. 'शी नज्ड मी' म्हणजे तिने मला कोपराने खुणावलं. 'डिवचलं' नव्हे, त्यात चिडवणं आलं. 'कोपरखळी'ही नको, मराठीत ती टोमण्याच्या अंगाने जाते. जोर लावला तर तो 'पुश', बोट टोचलं तर 'पोक'.

लाक्षणिक अर्थाने क्रियापदानंतर आधी माणूस येतो: 'नज्ड हिम टू अप्लाय' किंवा 'नज्ड हिम इंटू अप्लाइंग', म्हणजे त्याने अर्ज करावा म्हणून हलकेच उद्युक्त केलं. चूक हमखास इथेच होते: 'इंटू'नंतर 'आयएनजी' रूपच लागतं.

ऑफिसच्या मेलमध्ये 'जस्ट अ जेंटल नज' म्हणजे मऊ आठवण. सहकाऱ्याला चालेल, वरिष्ठांना किंवा नव्या ग्राहकाला 'रिमाइंडर' बरा, कारण 'नज'मध्ये सलगी आहे. तीच आठवण रोज केली तर ते 'नॅग', म्हणजे भुणभुण.

'ही इज नजिंग सिक्स्टी' म्हणजे तो साठीला टेकलाय.

अर्थशास्त्रात सक्ती न करता निवडीची मांडणी बदलून माणसाला वळवणं, हा अर्थ अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर (नोबेल, २०१७) आणि कायद्याचे अभ्यासक कॅस सनस्टीन यांच्यामुळे रुळला. उदाहरणार्थ, पेन्शन योजनेत कर्मचाऱ्याचं नाव आपोआप घालायचं, नको असेल त्याने बाहेर पडायचं.