जुलैत मिनेसोटातल्या लेकवर लून पक्षी पाहायचे आणि फोटो काढायचे आहेत. कयाक घ्यावी का? किती जवळ जावं? १५०-६०० लेन्स आहे, सेटिंग काय ठेवावं?

जुलै निवडलात हे उत्तम, त्यातही पहिला पंधरवडा. उत्तर मिनेसोटात लेकवरचा बर्फ एप्रिल-मेमध्ये फुटतो, लून लगेच येतात, मेमध्ये अंडी घालतात आणि साधारण चार आठवड्यांनी पिल्लं बाहेर पडतात. म्हणजे जूनच्या मध्यापासून पुढे काळपट लवीची एक-दोन पिल्लं आईबापांच्या पाठीवर बसून फिरताना दिसतात. पहिले दोन आठवडे हे दृश्य हमखास, नंतर पिल्लं मोठी होतात आणि पाठीवर बसणं कमी होत जातं. पहिलं घरटं पाण्यात गेलं किंवा रॅकूनने अंडी खाल्ली तर जोडी पुन्हा अंडी घालते, त्यामुळे जुलैच्या मध्यातही एखाद्या लेकवर अगदी तान्ही पिल्लं सापडतात. महाराष्ट्रात टिबुकलीचे फोटो काढले असतील तर पाठीवरची पिल्लं ओळखीची वाटतील. पण लून फार मोठा पक्षी आहे, पाऊण मीटरच्या आसपास लांब.

अंतराचा हिशेब आधी सांगतो, कारण गफलत तिथेच होते. ४५-५० मीटरच्या आत स्वतःहून जायचं नाही, आणि घरट्यापासून याच्या किमान दुप्पट लांब राहायचं. ५० मीटरवर फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याला ६०० मिमीमध्ये साधारण ३ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, म्हणजे लून चौकटीचा पाव भाग व्यापतो. क्रॉप (त्याहून लहान) सेन्सर असेल तर पट्टा २ मीटरचा होतो आणि पक्षी तिसऱ्या भागाहून जास्त जागा घेतो. पाणी, धुकं, पिल्लं धरून चौकट बांधायची तर एवढं पुरे. नुसता चेहरा हवा असेल तर लून आपण होऊन जवळ येण्याची वाट पाहावी लागते, आणि माणसांना सरावलेल्या लेकवर तो येतो. स्थिर बसलेल्या कयाकपासून १०-१५ मीटरवर बुडी मारून वर येणं त्याला काही विशेष नाही. अशा वेळी वल्ह्याला हात लावू नका, तो गेल्यावर हला.

आता पक्षी काय सांगतोय ते. लांब, सरळ, लांडग्यासारखा हेल म्हणजे जोडीदाराला ‘कुठे आहेस?’ एवढंच. थरथरतं हसू ऐकू आलं तर तो अस्वस्थ आहे. पण लगेच स्वतःला दोष देऊ नका, आधी वर पाहा. पुष्कळदा कारण वरून जाणारा बॉल्ड ईगल (पांढऱ्या डोक्याचा गरुड) असतो. वर कुणी नसेल तर कारण तुम्हीच. मान पाण्यालगत लांबवून चढउतारांचा कर्कश आवाज काढणारा नेहमी नर असतो आणि तो हद्द सांगत असतो. पाण्यावर उभा राहून, पंख आवळून किंवा उघडून, पाय मारत नाचायला लागला तर फोटो भारी येतो, पण ती शेवटची पायरी आहे. पिल्लं जवळ आहेत आणि तुम्ही फार आत शिरलाय. कॅमेरा खाली ठेवा आणि हळू मागे सरका. घरट्यावरच्या पक्ष्याने मान खाली घालून काठाला चिकटवली, तर तीही धोक्याचीच खूण. लूनचे पाय शरीराच्या अगदी मागे असल्यामुळे त्याला जमिनीवर धड चालता येत नाही, म्हणून घरटं पाण्याच्या काठालाच असतं. दचकून तो पाण्यात घसरला की अंडी उघडी पडतात.

याउलट एक खूण फोटोसाठी सोन्यासारखी आहे. लून पिसं साफ करू लागला, कुशीवर वळून पांढरं पोट दाखवू लागला, चोच शेपटीकडे नेऊन परत पिसांवर फिरवू लागला की जागेवर थांबा. ही आंघोळ दहा-पंधरा मिनिटं चालते आणि शेवटी तो बहुतेक वेळा पाण्यावर उभा राहून पंख फडफडवतो. त्याआधी क्षणभर अंग आवरतो आणि मान ताठ होते. तेव्हाच शटर दाबायला लागा. पंख उघडलेले दिसल्यावर दाबलं तर उशीर झाला. पिल्लांना भरवतानाही असंच. मोठा पक्षी चोचीत आडवा मासा धरून वर येतो, हलके हुंकार देतो, आणि पिल्लू त्याच्याकडे निघतं. हुंकार ऐकू आला की दोघांच्या मधल्या पाण्यावर फोकस आणून ठेवा.

सेटिंगमध्ये खरी डोकेदुखी काळ्या-पांढऱ्याची. डोकं काळं, छाती पांढरी. कॅमेऱ्याचा मीटर, म्हणजे प्रकाशमापक, काळ्याला भुलून फोटो उजळ करतो आणि छाती जळते. उन्हात मी मॅन्युअल वापरतो आणि पांढऱ्याला धरून एक्स्पोजर ठरवतो. ऑटो आयएसओ वापरायचं असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे ०.७ ते १ करा. पंख फडफडले की अख्खं पांढरं पोट चौकटीत येतं, तेव्हा मीटरवर सोडलेलं एक्स्पोजर एकदम बदलतं. बसलेल्या पक्ष्यालाही शटर १/१००० लागतं, कारण कयाक डुलते. फडफडीला १/२००० हवं. अ‍ॅपर्चर एफ/६.३ ठेवा. ५० मीटरवर तेवढ्यातही दोन मीटरहून जास्त खोली फोकसमध्ये असते, एफ/८ करून फक्त आयएसओ वाढतो. लूनचा लाल डोळा फोटोत उठून यायला हवा तर सूर्य तुमच्या पाठीशी आणि खाली असायला हवा. जुलैत तिथे सूर्योदय साडेपाचच्या आसपास, म्हणजे पाच वाजता पाण्यात उतरायचं. नऊनंतर पाण्यावरची हवा लहरायला लागते आणि फोटो मऊ येतात. लोक लेन्सला दोष देतात, पण तो दोष उन्हाचा. तेव्हा न्याहारीला जा.

कयाक जरूर घ्या, पण रुंद आणि बसक्या प्रकारची. अरुंद टूरिंग कयाकमध्ये लेन्स उचलली की तोल जातो. लाइफ जॅकेट घातलेलं, वल्हं दोरीने बांधलेलं, कॅमेरा मांडीवर उघड्या ड्राय बॅगेत. वारा तुम्हाला पक्ष्याकडे ढकलेल अशा बाजूला थांबू नका, नाहीतर नको तितके जवळ जाल आणि वल्हं मारावं लागेल. पिल्लं आणि मोठा पक्षी यांच्या मधे कधीच शिरायचं नाही. कयाक नसेल तर धक्क्याच्या टोकाला पालथं झोपून लेन्स पाण्यालगत आणा, कोन तितकाच छान मिळतो. सपाट, उंच डेकच्या पॉंटून बोटीवरून पक्षी वरून दिसतो आणि चपटा वाटतो.

एसीतून बाहेर काढलेली लेन्स पहाटेच्या दमट हवेत दहा-पंधरा मिनिटं धुरकट राहते, म्हणून रात्री कॅमेरा बॅगेतच, पण बाहेरच्या पडवीत ठेवा. मोबाइलवर लूनचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. घुसखोर आलाय असं समजून नर घरटं किंवा पिल्लं सोडून धावतो. लांबून पाणकावळा आणि लून सारखे दिसतात: चोच वर तिरकी असेल तर पाणकावळा, पाण्याला समांतर असेल तर लून. पायात रंगीत कडी दिसली तर क्रम टिपून ठेवा, अभ्यासकांना उपयोगी पडतो.

आणि केबिनवर गळ टाकणार असाल तर शिशाची वजनं नकोत, कथील किंवा टंगस्टनची घ्या. अन्न दळायला लून तळाचे खडे गिळतो, त्यात शिशाची एखादी गोळीही गेली तरी तो विषबाधेने मरू शकतो.