वकिलालाच नोटीस आली तर?

प्रश्न : माझे यजमान इंदूरला वकिली करतात. फी बाकी म्हणून त्यांनी अशिलाची फाईल अडकवून ठेवली, त्याने तक्रार केली, आता जबलपूरहून स्टेट बार कौन्सिलची (राज्यातल्या वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेची) नोटीस आलीय. हे म्हणतात माझी बाजू मीच मांडतो. बरोबर आहे का? – एक वाचक, राजवाडा

उत्तर : ताई, मांडता येते, पण मांडू देऊ नका! स्वतःच्या प्रकरणात माणूस चिडून बोलतो आणि नको ते लेखी देऊन बसतो. वकीलपत्र देऊन दुसरा वकील उभा करता येतो, तोही वकिलांविरुद्धच्या शिस्तभंगाची प्रकरणं चालवलेला बघा. फी थकली म्हणून फाईल अडवता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं 2000 सालीच सांगितलंय, म्हणून आधी फाईल परत करा आणि पोच घ्या, सही-तारखेसकट, फीसाठी वेगळा दावा लावता येतो. तक्रार ऐकणारी बार कौन्सिलची शिस्तपालन समिती 3 जणांची असते, ताकीद, काही काळ सनद (वकिलीचा परवाना) निलंबित किंवा वकिलांच्या यादीतून कायमचं नाव कमी, काहीही होऊ शकतं. निकाल विरुद्ध गेला तर 60 दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील, त्यापुढे सुप्रीम कोर्ट. नोटिशीच्या उत्तराची तारीख मात्र आजच कॅलेंडरवर लिहा.