कुठलं लिनक्स घेऊ, ताई?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत निम्मी लिनक्सचीच असतात. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, थोडी निवडलीत. ज्यांनी नुसतंच "बेस्ट लिनक्स?" एवढं लिहून पाठवलंय त्यांनी पहिलं उत्तर वाचावं.

प्रश्न : ताई, मी बँकेतून रिटायर झालोय. लॅपटॉप २०१६ चा, आय थ्री, ४ जीबी रॅम. तसा चांगला चालतो पण यावर विंडोज ११ चालणार नाही, नवीन घ्या असं दुकानदार म्हणाला. पुतण्या म्हणतो काका लिनक्स टाका, फुकट आहे. नेटवर बघायला बसलो तर उबुंटू, मिंट, फेडोरा, झोरिन, डेबियन... डोकं गरगरलं. सरळ एक नाव सांगा. – एक वाचक, सांगली

उत्तर : लिनक्स मिंट, एक्सएफसीईवालं. झालं, सांगितलं एक नाव. आता पुढचं वाचाच काका, कारण नाव सांगून काम भागत नाही.

दुकानदार खरं बोलला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या जनरेशनचा किंवा त्याच्या पुढचा, तुमचा त्याच्या आधीचा. पण म्हणून लॅपटॉप भंगारात जायची काही गरज नाही.

एवढी नावं का असतात ते सांगते. आपल्या एसटीचं कसं असायचं, चॅसी कंपनीकडून यायची आणि बॉडी महामंडळ स्वतःच्या वर्कशॉपमधे बांधायचं, दापोडीला, चिकलठाण्याला, हिंगण्याला. इंजिन तेच, सीटा वेगळ्या, खिडक्या वेगळ्या, घंटीची दोरी वेगळी. लिनक्स म्हणजे खरं तर ती चॅसी, त्याला कर्नल म्हणतात, लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ मधे सुरू केलेला. त्यावर डेस्कटॉप, ब्राउझर, ऑफिस, सॉफ्टवेअर टाकायची सोय असं सगळं बसवून जी गाडी रस्त्यावर येते ती डिस्ट्रो. चॅसी कोणीही फुकट उचलू शकतं त्यामुळे वर्कशॉप भरपूर.

तर मग गाडी निवडताना काय बघायचं? लोक रंग बघतात. मी म्हणते रस्त्यात बंद पडली तर जवळचा डेपो कुठला ते बघा. म्हणजे पुतण्या स्वतः रोज काय वापरतो ते त्याला विचारा. तो सांगलीतच राहत असेल आणि उबुंटू वापरत असेल तर डोळे झाकून उबुंटू घ्या, माझं मिंट विसरा. दहा मिनिटांत घरी येणारा माणूस कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा भारी. पुतण्या बेंगळुरूत असेल आणि दिवाळीलाच फोन करत असेल तर मात्र मिंट.

मिंटच का? एक तर खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, विंडोजवरून आलेल्या माणसाचा हात आपोआप तिथेच जातो. दुसरं म्हणजे मिंट उबुंटूच्या पायावर बांधलेलं असतं, सध्याची २२ ची मालिका उबुंटू २४.०४ वर आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणारेत, त्यामुळे उबुंटूसाठी नेटवर लिहिलेलं बरंचसं ज्ञान इथे जसंच्या तसं चालतं. डेपो मोठा आहे म्हणा ना. यात सिनॅमन नावाचा दिसायला छान डेस्कटॉप असतो पण ४ जीबीमधे एक्सएफसीईच बरा, जरा साधा दिसतो पण हलका आहे. आणि लॅपटॉपमधे जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी बसवून घ्या, कुठलाही डिस्ट्रो बदलून जेवढा फरक पडणार नाही तेवढा तिच्याने पडतो.

टाकायच्या आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, मिंटची फाइल तीनेक जीबीची असते. रूफस किंवा एचर नावाच्या प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर चढवायची, लॅपटॉप चालू होताना एफ१२ किंवा तुमच्या मॉडेलचं जे बटण असेल ते दाबून पेनड्राइव्ह निवडायचा, की हार्ड डिस्कला हात न लावता मिंट समोर उघडतं. मग निवांत तासभर बसा. वायफाय पकडतं का, आवाज येतो का, कॅमेऱ्यात तुम्ही दिसता का, ब्राइटनेसची बटणं चालतात का, झाकण बंद करून उघडल्यावर जागं होतं का. बँकेची साइट उघडून बघा. वायफाय नाही दिसलं तर घाबरू नका, मोबाइल यूएसबी केबलने जोडून टिदरिंग चालू करा आणि मग ड्रायव्हर मॅनेजर उघडा, पुष्कळ वेळा ड्रायव्हर तिथेच सापडतो.

इन्स्टॉल करताना "इरेज डिस्क" असा एक पर्याय येतो. तो खरंच सगळं पुसतो हो. फोटो, एफडीच्या पावत्या, काकूंच्या रेसिप्या, सगळं आधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि कॉपी झालेलं उघडून बघा, मगच पुढे जा.

प्रश्न : मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मिंट वापरतो. हॉस्टेलवर सगळे आर्च वापरतात आणि मला चिडवतात की तुझं लिनक्स आजोबांचं आहे. आर्च शिकल्याशिवाय खरं लिनक्स येत नाही का? – पुणे

उत्तर : अरे, वरचं पत्र वाचलंस ना, आजोबांचंच आहे. त्यात लाज कसली?

पण आर्चला नावं ठेवणार नाही मी. २००२ पासून आहे, आणि त्यांचं विकी इतकं चांगलं आहे की मी डेबियनवर अडले तरी तिथेच जाऊन वाचते. आर्चमधे व्हर्जनच नसतं, नवीन काही आलं की थोड्याच दिवसात तुझ्याकडे, याला रोलिंग म्हणतात. मजा आहे यात, फक्त सबमिशनच्या आदल्या रात्री अपडेट मारायचं नाही. आणि महिनोन्महिने अपडेट न करता एकदम केलंस तर तिथेच जास्त गोची होते, रोलिंग गाडी रोजच्या रोज चालवावी लागते. अपडेटच्या आधी त्यांच्या साइटवरच्या बातम्या वाचायच्या, हाताने काही करायचं असेल तर तिथे लिहिलेलं असतं. तुझे मित्र वाचतात का ते विचार एकदा, हळूच.

शिकायचंच असेल तर मिंट काढू नकोस, त्यातच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा खोटा कॉम्प्युटर, करून त्यात आर्च टाक. आणि २०२१ पासून सोबत येणारी आर्चइन्स्टॉल स्क्रिप्ट वापरू नकोस, हाताने कर. पार्टिशन, माउंट, बूटलोडर, नेटवर्क. दोन-तीनदा फसेल, चौथ्यांदा लॉगिन येईल आणि त्या काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकताना बघून इतका आनंद होतो की विचारू नकोस. तेवढं शिकलास की बास. मग मिंटवर परत आलास तरी तुला कोणी काही बोलू शकणार नाही, आणि बोललंच तर त्याला विचार की स्क्रिप्ट वापरली होतीस का.

प्रश्न : माझं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, हँडबिलं, सहकारी सोसायट्यांचे अहवाल. श्री-लिपी, कोरल, पेजमेकरच्या जुन्या फाइली आणि हिशोबाला टॅली. लिनक्सवर गेलो तर लायसनचे पैसे वाचतील का? – इचलकरंजी

उत्तर : दादा, जाऊ नका. म्हणजे दुकानाच्या मशीनवर तरी नको.

लिनक्सचं भजन करणारी माणसं हे सांगत नाहीत म्हणून मी सांगते. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. कोरल आणि पेजमेकर लिनक्सवर सरळ चालत नाहीत, वाइन नावाच्या जुगाडाने काही काही सॉफ्टवेअर चालतात पण उद्या मुहूर्त आहे आणि पत्रिकेत नवरदेवाच्या नावातली वेलांटी सरकली तर कोणाला फोन करणार? मला नका करू.

आणि फाँटची खरी मेख वेगळीच आहे. श्री-लिपीतली तुमची जुनी फाइल युनिकोड नसते, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला नंबर असतो ती पद्धत तिच्यात नसते. तिच्यात आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात आणि फाँट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. त्यामुळे तिच्यातला मजकूर लिबरऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमधे उघडला आणि तो फाँट नसला की "सप्रेम नमस्कार" च्या जागी नुसती कंसांची आणि प्रश्नचिन्हांची रांगोळी. यात लिनक्सचा दोष नाही, नव्या विंडोजवरही फाँट नसेल तर हेच होणार. म्हणून लिनक्सवर जा किंवा जाऊ नका, नवीन कामं युनिकोडमधे करायला लागा आणि जुन्या मजकुराचं कन्व्हर्टरने थोडं थोडं रूपांतर करत राहा. प्रिंटरचंही आधी बघून घ्या, एचपीचे बरेच प्रिंटर लिनक्सवर लावल्या लावल्या चालतात, पण काही जुने लेझर अजिबात दाद देत नाहीत. माझ्याकडे असा एक आहे, दोन रविवार घालवले त्याच्यावर, आता त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते.

घरच्या मशीनवर, मुलांसाठी वगैरे, खुशाल लिनक्स टाका.

प्रश्न : नंबर एकचं लिनक्स कुठलं? एका साइटवर रँकिंग बघितलं त्यात मी नावही न ऐकलेलं काहीतरी वर होतं. – नागपूर

उत्तर : ती डिस्ट्रोवॉच असणार. २००१ पासूनची चांगली साइट आहे, पण ते रँकिंग म्हणजे त्या साइटवर त्या डिस्ट्रोचं पान किती लोकांनी उघडलं त्याचा आकडा. वापरणाऱ्यांची मोजणी नाही ती. तुम्ही नाव न ऐकलेलं म्हणून उघडून बघितलंत ना? वाढवलात एक आकडा.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, मराठी टायपिंग भरपूर असतं. कुठल्या लिनक्समधे मराठी सगळ्यात चांगलं? "आचाऱ्यांना" लिहायला गेलं की "आचार्यांना" होतं, वर्गात मुलं हसतात! – नाशिक

उत्तर : बाई, तुमचं पत्र मला सगळ्यात आवडलं. स्वयंपाक करणारे आचारी आणि गुरुजी यांच्यात एका ऱ चा फरक, आणि कॉम्प्युटर बिचारा दोघांना एकाच पंगतीत बसवतो.

यासाठी डिस्ट्रो बदलू नका, सगळीकडे कीबोर्ड तोच आहे. सेटिंगमधे कीबोर्ड, मग लेआउट, तिथे इंडियाखाली मराठी शोधून इन्स्क्रिप्टवालं जोडा. इन्स्क्रिप्टमधे जे वर र असतो. साधा र न घेता शिफ्ट धरून जे दाबा, नुक्त्याचा ऱ येईल, मग डी म्हणजे हलन्त, मग य, तो स्लॅशच्या बटणावर आहे. ऱ्य. आचाऱ्यांना, दऱ्याखोऱ्यात, वाऱ्यावर, सगळं बरोबर येतं. शिफ्ट न धरता केलंत की रफार होतो आणि आचार्य उगवतात. इन्स्क्रिप्टची सवय नसेल तर फोनेटिक लेआउटही आहेत, पण रोजचं काम असेल तर इन्स्क्रिप्ट शिकाच, विंडोजवर, लिनक्सवर, सरकारी ऑफिसात, कुठेही गेलात तरी बोटं चुकत नाहीत.

फाँटसाठी "लोहित देवनागरी" आणि "नोटो" बघा. लोहित रेड हॅटने खुला केलेला आहे, फेडोराच्या मागे असलेली हीच कंपनी, आणि आपल्या भाषांचं काम तिच्या पुण्याच्या ऑफिसातही झालंय. आणि शाळेत मुलांना शिकवायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलचे लिबरऑफिसचे मराठी व्हिडिओ फुकट आहेत, डाउनलोड करून नेट नसलं तरी दाखवता येतात.

प्रश्न : ताई, सगळ्यांना सांगता, तुमचं आवडतं कुठलं? – बरेच जण

उत्तर : डेबियन. पण सरळ तिथे पोचले नाही मी.

२००८ मधे उबुंटूची सीडी पोस्टाने मागवली, तेव्हा ती कंपनी जगभर फुकट पाठवायची, २०११ मधे ते बंद झालं. पोस्टमनने विचारलं होतं परदेशात कोण आहे तुमचं. मग फेडोरा, मग आठ महिने आर्च, मधेच प्रत्येक नवीन नाव दिसलं की ते. दर पंधरा दिवसांनी नवीन डिस्ट्रो, काम शून्य. या रोगाला डिस्ट्रो हॉपिंग म्हणतात.

तो रोग कसा बरा झाला ते सांगते. एकदा रात्री नवीन डिस्ट्रो पेनड्राइव्हवर चढवत होते, डीडी कमांडने. लिनक्समधे पेनड्राइव्हचं नाव एसडीबी होतं, माझ्या डिस्कचं एसडीए, आणि मी झोपेत एसडीए लिहिलं. एक अक्षर. कमांड काही विचारत नाही, तुम्ही नक्की का वगैरे काही नाही, मुकाट्याने माझ्या डिस्कवर लिहीत सुटली. मावसबहिणीच्या लग्नाचे सगळे फोटो त्यात. फोटोरेक नावाच्या फुकट प्रोग्रॅमने बरेच परत मिळाले पण फाइलींची नावं गेलेली, नुसते नंबर, आणि क्रमही गेला, म्हणजे आधी पाठवणीचं रडणं, मग हळद, मग कुणाचं तरी ताट, मग मधेच वरात. बहिणीला तसाच पेनड्राइव्ह दिला. ती अजून बोलते.

त्यानंतर डेबियन टाकलं आणि राहिले. १९९३ पासून चालू आहे, कुठल्या एका कंपनीचं नाही, प्रकल्पाचा प्रमुख दर वर्षी निवडणुकीने ठरतो. इयन मर्डॉकने सुरू केलं, त्याचं नाव आणि त्याच्या तेव्हाच्या मैत्रिणीचं नाव डेब्रा, डेब अधिक इयन. साधारण दोन वर्षांनी नवीन व्हर्जन येतं, सध्याचं १३, ट्रिक्सी, ऑगस्ट २०२५ चं. व्हर्जनांना एका ॲनिमेशनपटातल्या खेळण्यांची नावं देतात, आणि जे व्हर्जन कायम कच्चं असतं त्याला त्यातल्या खेळणी मोडणाऱ्या पोराचं नाव, सिड. सॉफ्टवेअर जरा जुनं असतं, मान्य. पण मधल्या काळात फक्त दुरुस्त्या येतात, सकाळी उठून बटणं जागेवरून हललीत असं होत नाही. पूर्वी वायफायचं फर्मवेअर, म्हणजे त्याची चिप चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, वेगळं शोधावं लागायचं, १२ पासून ते इन्स्टॉलरमधेच येतं.

सांगलीच्या काकांना डेबियन का नाही सांगितलं असं कोणीतरी विचारणारच. काकांच्या जवळ मी राहत नाही म्हणून. माझ्या आईच्या लॅपटॉपवर डेबियन आहे, कारण तिचा डेपो शेजारच्या खोलीत आहे.