मायकेल कारोली हे जर्मन गिटारवादक कोण होते आणि त्यांच्या वादनाचे वैशिष्ट्य काय?
मायकेल कारोली (१९४८–२००१) हे ‘कॅन’ या जर्मन रॉक बँडचे गिटारवादक होते. बव्हेरियातील श्ट्राउबिंग येथे जन्मलेल्या कारोली यांना होल्गर चुकाय यांनी गिटार शिकवली आणि १९६८ साली कोलोनमध्ये हा बँड उभा राहिला तेव्हा गुरू-शिष्य दोघेही त्यात होते. एकल वादनाची आतषबाजी करण्याऐवजी, याकी लीबेत्साइट यांच्या ड्रमच्या अखंड आवर्तनात मोजके, धारदार स्वर नेमक्या जागी पेरणे ही त्यांची शैली होती. माझ्या मते हा संयम वेगवान वादनापेक्षा अवघड आहे. ते व्हायोलिनही वाजवत, शिवाय १९७३ मध्ये गायक दामो सुझुकी बाहेर पडल्यावर गायनाची बरीच जबाबदारी त्यांनी उचलली. ऐकायला सुरुवात १९७१ च्या ‘टागो मागो’ या अल्बमपासून करावी.