झाडावरचे पेरू एकदम पिकून पडायला लागलेत. वाया जाऊ नयेत म्हणून काय करावं?

जेली करा, पण सगळे पिवळे मऊ पेरू घेऊ नका. जेली घट्ट बसते ती पेक्टिनमुळे, आणि फळ फार पिकलं की ते कमी होतं. म्हणून निम्मे पेरू गदरे हवेत.

1 किलो पेरूच्या फोडी बियांसकट पातेल्यात घाला, त्या बुडतील इतकंच पाणी ओता आणि अर्धा तास मंद उकळा. मग पातळ सुती कापडात बांधून रात्रभर टांगून ठेवा. पुरचुंडी पिळायचा मोह आवरा, पिळलं की जेली गढूळ होते. निथळलेल्या 4 वाट्या रसाला 3 वाट्या साखर आणि 2 मोठे चमचे लिंबाचा रस घालून मोठ्या आचेवर उकळा. फ्रीजमध्ये गार केलेल्या बशीवर थेंब टाकून मिनिटभराने बोटाने ढकला. वर सुरकुती पडली की लगेच गॅस बंद. थर्मामीटर असेल तर 104 ते 105 अंश सेल्सिअस. त्यापुढे गेलात तर जेली चिवट होते.

खाली पडलेली फळं मात्र रोज उचलाच. त्यात फळमाशीच्या अळ्या असतात, त्या मातीत उतरून कोषात जातात आणि पुढच्या बहराला परत त्रास देतात. अशी फळं कंपोस्टमध्ये नकोत. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर कडक उन्हात ठेवा.

फळं संपली की शेंडे हलके छाटा, कारण पेरूला फूल नव्या फुटीवरच येतं.