तुमचे प्रश्न : एडगर पहिल्या बेसवर

प्रश्न : मागे एका उत्तरात तुम्ही जाता जाता लिहिलं होतंत, की कॉम्प्युटरवरच्या बेसबॉल गेममधलं एक जेतेपद तुम्हाला अजून आठवतं. बॅट हातात न धरता खेळायचा हा कसला गेम? आणि त्यात एवढं लक्षात राहण्यासारखं काय घडलं? – एक वाचक, सांगली

उत्तर : गेमचं नाव 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल'. मार्कुस हाइनसोन या जर्मन माणसाने तो बनवला, पहिली आवृत्ती १९९९ची. यात तुम्ही खेळाडू नसता, मॅनेजर असता. कुणाला खेळवायचं, कुठल्या क्रमाने, पिचरला (म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला) कधी बाहेर काढायचं, कुणाच्या बदल्यात कुणाला घ्यायचं, एवढं तुमच्या हातात. मग काय झालं ते पडद्यावर एकेका ओळीत उमटतं; रेडिओवरची कॉमेंट्री कुणी लिहून समोर ठेवावी तसं. जुना कुठलाही हंगाम उघडता येतो, आणि त्या वर्षीचे खरे खेळाडू आपापल्या वकुबासह तुमच्या ताब्यात येतात.

मी २००१चा हंगाम उघडला आणि सिएटल मरिनर्स घेतले. याला कारण आहे. १९९९ मध्ये मी मिरजेहून नोकरीसाठी सिएटलजवळ आलो, आणि दोनच वर्षांत या संघाने १६२ पैकी ११६ सामने जिंकले. अलेक्स रॉड्रिगेझ टेक्सासला निघून गेला होता, त्याआधी रँडी जॉन्सन आणि केन ग्रिफी गेले होते, तरीही ११६. इचिरो सुझुकी जपानहून आला आणि पहिल्याच वर्षी २४२ हिट्स मारून गेला. बेसबॉल मी त्या उन्हाळ्यात शिकलो. ऑफिसातल्या एकाने धावफलक लिहायला शिकवलं, ती वही अजून जपली आहे.

ऑक्टोबरात, वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेच्या आधीच्या मालिकेत न्यूयॉर्क यँकीजशी गाठ पडली; सातपैकी चार सामने जिंकायचे. घरचे पहिले दोन्ही सामने गेले. मॅनेजर लू पिनेला यांनी पत्रकारांना ठासून सांगितलं, की सहाव्या सामन्यासाठी आम्ही सिएटलला परत येणार. मी त्या सहाव्या सामन्याचं तिकीट काढलं होतं. मालिका न्यूयॉर्कमध्ये पाचव्याच सामन्यात संपली. तिकीट परत केलं नाही, ते वहीतच आहे. मेजर लीगच्या ३० संघांपैकी वर्ल्ड सिरीजमध्ये कधीच न पोचलेला संघ आज एकच उरला आहे, तो हा. २०२५ मध्ये टोरोंटोविरुद्ध सातव्या सामन्यापर्यंत गेले आणि ४-३ ने हरले. त्या रात्री मी जेवलो नाही.

आता गेमकडे येतो. २०२०च्या मार्चमध्ये करोनामुळे खरा हंगाम अडकला. बेसबॉल-रेफरन्स ही आकडेवारीची वेबसाइटसुद्धा त्या दिवसांत याच गेमवर हंगाम चालवून रोजचे निकाल देत होती. मी ठरवलं, रोज संध्याकाळी जेवणानंतर २००१चा एकच सामना खेळायचा. पुढे पळायचं नाही, हरलो म्हणून पुन्हा उघडायचं नाही. १६२ संध्याकाळी. मुलगी सुरुवातीला हसायची. मे महिन्यात ती विचारू लागली, आज पिचर कोण?

संघ छान चालला होता. ऑगस्टमध्ये फ्रेडी गार्सियाचं कोपर गेलं. पडद्यावर एक ओळ आली, हंगामापुरता बाद. माझा सगळ्यात भरवशाचा पिचर. चार दिवस मी अदलाबदलीची बोलणी करत बसलो, पण जो तो माझ्याकडची तरुण मुलं मागत होता. शेवटी २२ वर्षांच्या जोएल पिनेरोला नियमित पाळी दिली. त्याने सप्टेंबर सांभाळला. आम्ही १०४ सामने जिंकले. खऱ्या संघाहून १२ कमी.

आधी क्लीव्हलंड, मग यँकीजना पाच सामन्यांत हरवलं (त्या दिवशी मी एकटाच अंगणात फेऱ्या मारत होतो), आणि वर्ल्ड सिरीजमध्ये समोर आला ॲरिझोना. त्यांच्याकडे रँडी जॉन्सन, एके काळचा आमचाच. सहा सामन्यांनंतर ३-३. सातवा सामना फिनिक्सला, त्यांच्या घरी.

इथे मला सगळ्यात अवघड निर्णय घ्यावा लागला, म्हणून थोडं समजावून सांगतो. मेजर लीगचे संघ दोन लीगमध्ये विभागलेले आहेत. आमच्या अमेरिकन लीगमध्ये १९७३ पासून पिचरऐवजी दुसराच माणूस बॅटिंग करतो, त्याला डेझिग्नेटेड हिटर म्हणतात. तो फिल्डिंगला उतरत नाही. ॲरिझोनाच्या नॅशनल लीगमध्ये २००१ साली हा नियम नव्हता. त्यांच्या मैदानावर पिचरलाच बॅट घ्यावी लागे. आमचा डेझिग्नेटेड हिटर एडगर मार्टिनेझ, वय ३८, संघातला सर्वांत जाणता बॅटर. फिनिक्समध्ये त्याला एक तर बाकावर बसवायचं, नाहीतर पहिल्या बेसवर उभं करायचं. आणि तिथे आमचा जॉन ओलेरूड होता, उत्तम फिल्डर. १९८९ मध्ये मेंदूच्या रक्तवाहिनीवर शस्त्रक्रिया झालेली, तेव्हापासून फिल्डिंगलाही हेल्मेट घालून उभा राहणारा. पण तो डावखुरा बॅटर, आणि जॉन्सन डावखुरा पिचर; अशा जोडीत बॅटरला सहसा अवघड जातं. फिनिक्समधले पहिले दोन्ही सामने मी ओलेरूडलाच खेळवलं होतं आणि जॉन्सनपुढे त्याचं काही चाललं नव्हतं.

सिएटलमध्ये त्या आठवड्यात वणव्यांचा धूर कोंडला होता. खिडक्या बंद, दाराच्या फटीला ओला टॉवेल. मी वहीत दोन्ही नावं लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. मुलगी म्हणाली, "बाबा, एडगरला बसवून हरलात तर तुम्हाला झोप येईल का?" मी ओलेरूडच्या जागी एडगरचं नाव घातलं.

तिसऱ्या इनिंगमध्ये आमचा डॅन विल्सन बेसवर पोचला. आमचा पिचर जेमी मॉयर, तोही ३८ वर्षांचा, त्याला बंट करायला लावलं (चेंडू बॅटने हलकेच पुढ्यात टाकायचा, स्वतः बाद झालं तरी चालतं). विल्सन दुसऱ्या बेसवर सरकला आणि इचिरोने त्याला घरी आणलं, म्हणजे बेसची फेरी पूर्ण होऊन एक धाव. १-०. चौथ्या इनिंगमध्ये एक साधी थ्रो एडगरच्या ग्लोव्हमधून निसटली आणि ॲरिझोनाच्या दोन धावा झाल्या. माझ्या निर्णयाची किंमत समोर लिहून आली. मी खुर्चीवरून उठलो, पाणी प्यायलो, परत बसलो. सहाव्यात मार्क मॅक्लेमोर आणि ब्रेट बून बेसवर असताना एडगरने जॉन्सनला डबल मारला, म्हणजे मारणारा थेट दुसऱ्या बेसवर पोचतो असा फटका. दोघंही घरी. ३-२.

१९९५ मध्ये याच एडगरने यँकीजविरुद्ध निर्णायक सामन्यात डबल मारून दोघांना घरी आणलं होतं. सिएटलमध्ये आजही 'द डबल' म्हटलं की बाकी काही सांगावं लागत नाही. गेमला हे ठाऊक नव्हतं, त्याने आपले आकडे फिरवले. मला ठाऊक होतं.

सातव्या इनिंगपासून ओलेरूड पहिल्या बेसवर. नवव्यात, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये, पिचर काझुहिरो सासाकी. शेवटचा चेंडू शॉर्टस्टॉप कार्लोस गियेनकडे, त्याच्याकडून ओलेरूडकडे, बॅटर बाद. आम्ही जिंकलो. वहीत मी '६-३' लिहिलं. शॉर्टस्टॉपचा क्रमांक सहा, पहिल्या बेसचा तीन. हात थरथरत होता, तो सहा अजून वाकडाच दिसतो.

प्रश्न : निकाल कॉम्प्युटरच लावतो, मग त्यात तुमचं कर्तृत्व काय? – एक वाचक, पुणे

उत्तर : प्रश्न रास्त आहे. हिशेब करून पाहा. समोरच्या प्रत्येक संघाला तुम्ही दर सामन्यात ६० टक्के वेळा हरवू शकता असं धरा, म्हणजे तुम्ही चांगलेच भारी आहात. तरी पाच सामन्यांची मालिका जिंकण्याची शक्यता ६८ टक्के आणि सातची ७१. पाचची एक आणि सातच्या दोन, अशा तिन्ही मालिका ओळीने जिंकायच्या, तर ३४ टक्केच उरतात. १९०६ मध्ये शिकागो कब्जनेही ११६ सामने जिंकले होते, आणि वर्ल्ड सिरीज त्यांच्याच गावच्या व्हाइट सॉक्सने नेली. पिनेला यांचं काही चुकलं असं मी म्हणूच शकत नाही.

मॅनेजर त्या ३४चे ३६ करू शकतो. माझ्या मते कर्तृत्व ते एवढंच, आणि त्यासाठी सहा महिने जीव ओतावा असं मला मनापासून वाटतं. सातव्या सामन्यात एडगरला खेळवायचं की नाही, हे कॉम्प्युटरने मला विचारलं होतं. उत्तर मी दिलं.

प्रश्न : मी फक्त क्रिकेट जाणतो. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी खरे दहा सामने बघा आणि हाताने स्कोअर लिहा. फिल्डर्सचे क्रमांक पाठ झाले पाहिजेत: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग मागच्या मैदानातले तिघे डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. नंतर गेम घ्या. पहिल्या वर्षी खेळाडूंची अदलाबदल करूच नका, आहे तो संघ ओळखून घ्या. पडद्यावर हंगाम झटक्यात पुढे ढकलण्याची सोय आहे, तिला हात लावू नका. रोज एक सामना.